पापाचे वाटेकरी

लाचेच्या पैशाचे जसे वाटे पडतात तसे दोषाचेही पडतात का, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. वाल्या कोळ्याच्या कथेत घरची माणसे लुटीवर जगतात, पण पापाचा वाटा घ्यायची वेळ येताच हात वर करतात आणि सगळा भार एकट्या वाल्याच्या माथी येतो. कर्मसिद्धान्ताचा, म्हणजे ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ या मताचा, जनमानसात रुजलेला अर्थ हाच आहे. आपस्तंब धर्मसूत्राने मात्र हा हिशेब अधिक बारकाईने मांडला आहे. कृत्य करणारा तो कर्ता, ते करायला प्रवृत्त करणारा तो प्रयोजयिता आणि त्याला संमती देणारा तो अनुमन्ता, असे तिघेही फळाचे भागीदार ठरतात, आणि त्यांत ज्याचा पुढाकार अधिक त्याच्या पदरी फळही अधिक पडते, असा त्या सूत्राचा आशय आहे. म्हणजे दोष वाटला जातो, पण वाटला गेल्यामुळे कोणी सुटत नाही.

वसई तालुक्यातील नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत जे घडले ते या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे. तेथील सुमारे ६० एकर जागेवर, जिचा काही भाग कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांसाठी राखीव होता, बनावट परवानग्यांच्या आधारे ४१ इमारती उभ्या राहिल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या सर्व जमीनदोस्त करण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. इमारत काही एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जातो, रेती-खडीचे डंपर येतात, स्लॅबमागून स्लॅब पडतात, विजेचे मीटर बसतात, आणि यांतील प्रत्येक टप्पा कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोरच पार पडतो. मे २०२५ मध्ये या प्रकरणी अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, छापे घातले तेव्हा सुमारे ९ कोटी रुपयांची रोकड हाती लागली, आणि बांधकामाच्या परवानगीसाठी चौरस फुटामागे दर ठरलेला होता असा आरोप त्या यंत्रणेने पुढे केला. आरोप सिद्ध होणे न्यायालयाच्या हाती आहे. परंतु फुटामागे दर ही कल्पनाच अनुमतीचे बाजारमूल्य सांगणारी आहे, आणि अनुमन्त्याचा दोष याहून स्पष्ट शब्दांत मांडता येणे कठीण आहे.

याहून गुंतागुंतीची गोष्ट घरपट्टीची आहे. राज्याच्या महानगरपालिका अधिनियमात बेकायदा बांधकामावर शास्ती, म्हणजे करावरचा दंड, आकारण्याची तरतूद आहे, आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असेही तोच कायदा सांगतो. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही; पण कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या वर्षानुवर्षे जपणारे कुटुंब त्या पावतीकडे संमती म्हणूनच पाहते, आणि पैसे स्वीकारणारी संस्था आपण अनुमन्ता नाही असे म्हणू लागते तेव्हा तिचे म्हणणे कायद्याला पटले तरी धर्मबुद्धीला पटत नाही. स्वस्तात मिळाले म्हणून कागदपत्रे न तपासता घर घेणाराही पूर्ण निर्दोष नव्हे. तथापि आपस्तंबाच्या मापाने त्याचा वाटा सर्वांत लहान असताना शिक्षा मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी त्याच्याच वाट्याला आली, हा उलटा न्याय आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजात, सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांत, पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या कॅथलिक नीतिशास्त्रात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्यानुसार पाप केवळ कृतीने घडत नाही, तर जे करायला हवे ते न केल्यानेही घडते. आणि प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मागण्याच्या विधीत, चोरलेले परत केल्यावाचून पश्चात्ताप पुरा होत नाही. शुभवर्तमानातील जकातदार जक्कय लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. आजच्या शासनव्यवस्थेत निलंबन आहे, चौकशी आहे, अटक आहे. पण ज्याचे घर गेले त्याला काय परत मिळाले, हा प्रश्न त्यांपैकी एकाही प्रक्रियेच्या केंद्रस्थानी नाही.

ज्या सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, हे घडले तेथेच १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, आणि त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि करमणुकीला, बाहेर पडत. त्याऐवजी अशोकाने धर्मयात्रा सुरू केली, जिच्यात जनपदातील लोकांची भेट आणि त्यांच्याशी धर्माविषयी विचारपूस यांचा समावेश होता, असा त्या लेखाचा विषय आहे. प्रजेने राजाला जाब विचारावा असे तेथे म्हटलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सत्ताधाऱ्याने लोकांसमोर प्रत्यक्ष उभे राहावे, ही जाब देण्याची पहिली अट तेथे नक्कीच आहे. नालासोपारा जिच्या हद्दीत येते ती वसई-विरार महानगरपालिका जुलै २००९ मध्ये स्थापन झाली, पण ही पहिली अटही तेथे पुढे पाळली गेली नाही. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा, म्हणजे सभागृहाचे सर्व अधिकार एकट्याने वापरणाऱ्या शासननियुक्त अधिकाऱ्याचा, कारभार होता. अग्रवाल नगरीतील इमारती पाडल्या गेल्या त्या याच काळात. आणि २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारच्या विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हाही ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा असा, लोकांनी निवडलेला एकही सदस्य पालिकेत नव्हता.