‘तोच हा’: वसंतातील छायाचित्र आणि प्रत्यभिज्ञेचा प्रश्न

फाल्गुनाच्या सुमारास पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पाने गाळून फुलांनी भरतात, त्या दिवसांत रानात फिरायला गेलेले कुटुंब एखाद्या झाडाखाली उभे राहून छायाचित्र काढते आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली पुन्हा उभे राहते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की मूल उंच झालेले दिसते, आजोबांच्या हाती काठी आलेली दिसते आणि फुले तर मागच्या वर्षीची नसतातच. तरीही पाहणारा निःशंकपणे म्हणतो, ‘तेच हे झाड, तोच हा मुलगा’. पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आली असता होणाऱ्या अशा ज्ञानाला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. हे ज्ञान यथार्थ की भ्रामक, यावर बौद्ध आणि नैयायिक यांच्यात कित्येक शतके वाद चालला, आणि छायाचित्रात नेमके काय टिकते या प्रश्नाचा उलगडाही त्या वादाच्या आधारे अधिक नीट होतो.

सातव्या शतकातील धर्मकीर्ती आणि त्याचे अनुयायी यांच्या मते जे सत् आहे, म्हणजे ज्याच्या ठिकाणी कार्य घडवण्याचे सामर्थ्य आहे, ते क्षणिकच असते; वस्तू नष्ट होताना आपल्यासारखी दुसरी वस्तू उत्पन्न करते आणि अशा क्षणांच्या अखंड प्रवाहाला, ज्यास ते ‘संतान’ म्हणतात, पाहणारा एकच टिकाऊ वस्तू समजून बसतो. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच वाटते, तसेच झाडाचे आणि मुलाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. याउलट दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाने ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात क्षणभंगवादाचे सविस्तर खंडन केले. त्याच्या कितीतरी आधी न्यायसूत्रांनी डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजवा डोळा ओळखतो, याकडे लक्ष वेधून डोळ्यांहून वेगळा असा एकच द्रष्टा मानला पाहिजे, असा युक्तिवाद केला होता. नैयायिकांच्या दृष्टीने स्मृती केवळ संस्कारातून, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून उपजते; प्रत्यभिज्ञेला मात्र संस्काराच्या जोडीला समोरच्या वस्तूशी इंद्रियाचा संबंध लागतो, म्हणून तिची गणना ते प्रत्यक्षात करतात.

छायाचित्र क्षण पकडते, ही रूढ समजूत या वादात बौद्ध पक्षाला अनुकूल वाटते, परंतु ती तपासाला उतरत नाही. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील प्रवर्तक दागेर याने 1838 मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटे लागल्यामुळे धावत्या गाड्या आणि चालणारी माणसे चित्रातून पुसली गेली आणि बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. आज सेकंदाच्या अत्यल्प भागात पाखराचे पंख स्थिर दिसतात, तरी तोही कालखंडच असतो. शिवाय मोबाइलचा कॅमेरा लागोपाठच्या अनेक चौकटी एकत्र करून एक चित्र बनवतो आणि काही फोन तर निरनिराळ्या चौकटींतील चेहरे निवडून एकत्र जुळवतात, त्यामुळे सर्वांचे डोळे उघडे असलेला तो कौटुंबिक ‘क्षण’ प्रत्यक्षात कधी आलेलाच नसतो, असेही घडू शकते.

मग चित्राचे काम कोणते, याचा सूक्ष्म विचार आठव्या शतकातील भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकात आढळतो. विदर्भातील पद्मपूरच्या या कवीने पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण यांना स्वतःच्याच गतायुष्याची चित्रे पाहताना दाखवले आहे. ऊर्मिलेच्या चित्राकडे बोट दाखवून ‘ही कोण’ असे सीता थट्टेने विचारते तेव्हा लक्ष्मण लाजून पुढच्या चित्राकडे वळतो, आणि शूर्पणखेच्या चित्राने ती भ्यायली असता हे केवळ चित्र आहे, अशी तिची समजूत घालावी लागते. चित्रे पाहून सीतेला पुन्हा त्या अरण्यात हिंडण्याची इच्छा होते, म्हणजे चित्र मन भरून टाकत नाही, ते पाहणाऱ्याला मूळ वस्तूकडे धाडते. दुसऱ्या अंकात अनेक वर्षांनी एकटा राम दंडकारण्यात येतो, तेव्हा जिथे प्रवाह होता तिथे वाळवंट झालेले असते, दाट झाडी विरळ आणि विरळ झाडी दाट झालेली असते, जणू हे दुसरेच वन असावे. डोंगरांची ठेवण तेवढी जागच्या जागी असल्याने ‘तेच हे’ ही ओळख पक्की होते. बदल आणि एकत्व या दोहोंची जाणीव इथे एकाच ज्ञानात होते.

या आधारावर असे म्हणता येते की छायाचित्र प्रत्यभिज्ञेतील ‘तो’ हा अंश पुरवते, ‘हा’ पुरवू शकत नाही. फोन वर्षानुवर्षांच्या चित्रांतून एकाच माणसाचे चेहरे वेगळे काढतो ते साम्याच्या बळावर, त्यामुळे संग्रहापुरता बौद्धांचा पक्ष खरा ठरतो. ज्या नातवाने आजोबांना पाहिलेच नाही त्याच्याजवळ संस्कार नसल्याने त्याला प्रत्यभिज्ञा होत नाही. घरातील थोरांच्या शब्दावर, म्हणजे शब्दप्रमाणावर, विसंबून तो आजोबांना जाणतो, आणि सांगणारे कोणी उरले नाही तर चित्र अनोळखी माणसाचे होते.

म्हणून प्रश्न शेवटी संस्काराशी येऊन ठेपतो. वैशेषिक आचार्य प्रशस्तपाद याने स्मृतीचा संस्कार दृढ होण्याची तीन कारणे सांगितली आहेत: अनुभवाची तीव्रता, त्याची पुनरावृत्ती आणि आदर, म्हणजे मन लावून पाहणे. उघड्या माळावर अचानक सामोरा येणारा केशरी पळस तीव्रता पुरवतो आणि दरवर्षीची रानवाट पुनरावृत्ती पुरवते. आदर मात्र पाहणाऱ्यालाच आणावा लागतो, आणि ज्याचे सारे लक्ष चौकट साधण्यात गुंतले आहे त्याच्याजवळ चित्रांचा साठा वाढत असताना ओळखीचे सामर्थ्य क्षीण होण्याचा धोका असतो. छायाचित्रण त्याज्य आहे, असा याचा अर्थ होत नाही. पाहणे आधी घडले असेल तरच ते ज्ञानाला साहाय्य करते, एवढी मर्यादा त्याला आहे.