आदल्या रात्रीची भाकरी

शेजारशेजारच्या दोन दुष्काळी तालुक्यांचे दोन आमदार होते. दोघेही काँग्रेसचे. 1942 मध्ये तुरुंगात थोरल्याने धाकट्याला सूत कातायला शिकवलं होतं. तेव्हापासून धाकटा त्याला दादा म्हणायचा आणि त्याच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

1969 च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. जुलैत बंगळूरला पक्षाने नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. इंदिराबाईंना ते मनातून नको होतं, तरी रेड्डींच्या अर्जावर त्यांनी सही केली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. त्याच महिन्यात 14 बँका सरकारच्या झाल्या. आणि ऐन मतदानाच्या तोंडावर इंदिराबाई म्हणाल्या, ज्याने त्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं.

मतदान 16 ऑगस्टला होतं. आदल्या रात्री मुंबईत धाकटा थोरल्याच्या खोलीवर गेला. थोरला भाकरी-ठेचा खात बसला होता. त्याने अर्धी भाकरी पुढे केली. धाकट्याने ती हातात घेतली, पण तोडली नाही.

“दादा, उद्या मी गिरींच्या नावापुढे 1 लिहिणार आहे.”

थोरल्याचा घास हातातच राहिला. “पक्षाने ठरवलंय ना? बाईंनी स्वतः सही केलीय. सहीला काही किंमत आहे की नाही?”

“आहे. पण आपले अध्यक्ष जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मतं मागायला गेले. बँका घेतल्या म्हणून ज्यांना राग आला, त्यांच्याकडे. माझ्या तालुक्यात बियाण्यासाठी बाईची पाटली सावकाराकडे जाते, दादा. मी पक्षात आलो तो त्यासाठी.”

“मतं मागावीच लागतात. आज पक्षाचा ठराव मोडलास, तर उद्या तुझा ठराव कोण पाळील?”

धाकट्याकडे याला उत्तर नव्हतं. दोघे बराच वेळ गप्प बसले.

मग थोरल्याने विचारलं, “मत गुप्त आहे. पक्षादेश लागत नाही. मला कशाला सांगायला आलास?”

“तुम्हाला न सांगता केलं असतं, तर ती फितुरी झाली असती.”

थोरला म्हणाला, “भाकरी खा.”

दुसऱ्या दिवशी थोरल्याने रेड्डींना मत दिलं, धाकट्याने गिरींना. तिसरा एक आमदार होता. त्याने दोन्ही गटांना मान हलवून होकार दिला होता.

20 तारखेला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत कुणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत. आणखी एक उमेदवार होते चिंतामणराव देशमुख; त्यांना पडलेल्या मतांची दुसरी पसंतीही मोजावी लागली. शेवटी गिरींना 4,20,077 मतं पडली, रेड्डींना 4,05,427. तिसरा आमदार त्याच संध्याकाळी हार घेऊन जिंकलेल्यांच्या दारात उभा होता.

पुढच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी धाकट्याला गद्दार म्हटलं. थोरला उठला. म्हणाला, “त्याचं चुकलं, असं मी अजूनही म्हणतो. पण आदल्या रात्री तो माझ्याकडे आला होता. गद्दार सांगून येत नाही.” मग कुणी बोललं नाही.

नोव्हेंबरात पक्ष फुटला. थोरला जुन्या नेत्यांबरोबर राहिला, धाकटा इंदिराबाईंबरोबर गेला.

आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला मत न देणारे सगळे एका जातीचे नसतात. ज्या कामासाठी माणूस पक्षात येतो ते काम आणि पक्षाचा ठराव यांची कधी कधी फारकत होते. तेव्हा कुणी ठराव धरतो, कुणी काम, आणि कुणी वारा पाहतो. पेटीत पडलेल्या कागदावरून ते ओळखता येत नाही.

जुलै 1977 मध्ये तेच रेड्डी राष्ट्रपती झाले, बिनविरोध. थोरला तेव्हा जनता पक्षात होता. धाकटा पेढे घेऊन त्याच्या घरी गेला.

थोरला हसला. “आता तरी त्यांच्यापुढे 1 लिहिशील ना?”

“लिहिला असता, दादा,” धाकटा म्हणाला, “पण या वेळी मतदानच झालं नाही.”