गुरुवार सोडून

दार्जिलिंगचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. म्हैसूरचं मंगळवारी, दिल्लीचं शुक्रवारी, ओडिशातलं नंदनकानन सोमवारी. आपली राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज, दोन्ही बुधवारी. घरातल्या बायकांनी उपासाचे वार वाटून घ्यावेत तसे हे बंदचे वार वाटलेले दिसतात. आठवड्यातून निदान एक दिवस प्राणिसंग्रहालय लोकांसाठी बंद ठेवलंच पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम आहे; वार कोणता ते ज्याने त्याने ठरवायचं. आणि उपास म्हटलं ते नुसतं गमतीनं नव्हे. बऱ्याच ठिकाणी वाघ-सिंहांना आठवड्यातून एकदा मांस देत नाहीत आणि तो दिवस बहुधा हाच असतो. रानात वाघाला रोज कुठे शिकार मिळते?

मे महिन्यात दार्जिलिंगला निघणाऱ्या मराठी मंडळींना या वाराशी फारसं देणंघेणं नसतं. कार्यक्रम आधीच छापलेला असतो. पहाटे साडेतीनला उठून टायगर हिल, ढग आडवे आले तर आलेच, मग बतासिया लूप, घूमचा मठ, हॉटेलवर परत येऊन नाश्ता आणि अकराच्या सुमारास 'झू'. सहलीचा व्यवस्थापक बसमधून उतरताना बजावतो, "पाऊण तास आहे मंडळी. रेड पांडा आणि स्नो लेपर्ड तेवढे बघा आणि गेटपाशी या." वाटेतला हिमालयी लांडगा, काळं अस्वल, रंगीबेरंगी तितर यांच्यावरून नजर फिरते न फिरते. गुरुवार नेमका मध्ये आला तर बस त्या गेटवरून तशीच पुढे जाते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब आलो आणि तेवढंच राहिलं!"

पण अकराला गेलेल्यांनाही मिळतं काय, ते पाहू. रेड पांडा वावरतो तो पहाटे आणि संध्याकाळी. ऊन वर आलं की झाडाच्या फांदीवर आडवा होतो, चारी पाय दोन्हीकडे लोंबकळत सोडतो, किंवा अंगाची गुंडाळी करून झुपकेदार पट्टेरी शेपूट तोंडावर ओढून घेतो. त्याची पाठ विटकरी तांबडी आणि पोट काळंभोर. हिमालयातल्या त्याच्या रानात झाडांवर तांबूस शेवाळ आणि पांढुरकं दगडफूल माजलेलं असतं, त्यात ती पाठ आणि तो पांढरा चेहरा विरघळून जातो. काळ्या पोटाचा उपयोग आणखी वेगळा, खालून पाहणाऱ्याला तो सावलीचाच एक तुकडा वाटतो. बिबट्याच्या नजरेतून सुटायला घडलेला हा रंग. प्रेक्षकही नेमके खालूनच पाहत असतात! मग "कुठाय? कुठाय?" सुरू होतं. कोणी टाळ्या वाजवतं, कोणी चुटक्या. एखादी आजी नातवाला दाखवते ती फांदीच वेगळी असते.

तो जागा असताना पाहायला मिळाला तर गोष्ट वेगळी. मनगटातलं एक हाड वाढून त्याला जणू जास्तीचा अंगठा फुटलेला आहे. त्यात बांबूची डहाळी धरून तो पानं बाजूच्या दातांनी कराकरा चावतो. खाणं बहुतेक सगळं बांबूचंच, आणि त्यातलं फारच थोडं अंगी लागतं, म्हणून तासन्‌तास खात राहायचं आणि उरलेला वेळ झोपायचं. आळशीपणाचा आरोप इथेच मिटावा. झाडावरून उतरताना मांजरासारखं मागे सरकत यायची त्याला गरज पडत नाही, घोटा वळवून तो डोकं खाली करून सरळ उतरतो. हे ज्यांनी पाहिलं ते फाटक उघडताच आत आलेले होते. पांडा हे नाव शास्त्रज्ञांनी आधी यालाच दिलं, 1825 साली. चीनचा काळापांढरा थोरला पांडा त्यांच्या नोंदीत आला 1869 मध्ये. आज मात्र पांडा म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो आणि मूळ मालकाला 'रेड' लावून ओळख सांगावी लागते.

सहलीच्या हंगामाचं गणितही या प्राण्याशी जमत नाही. रेड पांडाची पिल्लं जून-जुलैत जन्मतात आणि पुढचे जवळजवळ तीन महिने ढोलीतच राहतात. म्हणजे मे महिन्यात गेलेल्यांना पिल्लू दिसायचं नाही. दिवाळीच्या सुटीत गेलात तर नशीब उघडू शकेल. शाळांच्या सुट्या आणि पिल्लांचे जन्म एकाच तिथीला येत नाहीत, त्याला पांडा काय करणार?

जे सर्वांत दुर्मीळ ते तर प्रेक्षकांच्या वाटेवर नसतंच. दार्जिलिंगचं हे प्राणिसंग्रहालय 1958 साली सुरू झालं, समुद्रसपाटीपासून सुमारे 7000 फुटांवर, आणि पुढे 1975 मध्ये त्याला पद्मजा नायडूंचं नाव मिळालं. ऐंशीच्या दशकापासून तिथे हिमबिबट्याचं प्रजनन सुरू झालं आणि मग रेड पांडाचं. जन्माला घालण्याचं, वाढवण्याचं बरंचसं काम गावापासून दूर टोपके दारा नावाच्या डोंगरउतारावर चालतं. तिथे तिकीट नाही, फाटक नाही, आइस्क्रीमची गाडी नाही. जगभरच्या बंदिस्त रेड पांडांची वंशावळ नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात लिहून ठेवलेली असते. कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावायची ते ती पाहून ठरतं, म्हणजे रक्त एकाच घराण्यात फिरत राहत नाही. 2003 साली इथे जन्मलेल्या दोन माद्या सिंगालिलाच्या जंगलात सोडण्यात आल्या. अशा सोडायच्या जनावराला माणसाची सवय लागून चालत नाही. आपण ज्याला जवळून पाहिलं, ज्याने आपल्या मोबाइलकडे बघून मान वेळावली, तो जंगलात परत जाण्याच्या कामाचा उरलेला नसतो. जो जाणार असतो त्याला आपण पाहिलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, प्राणिसंग्रहालयाची सहल आखताना काय बघायला मिळेल या यादीइतकीच काय बघायला मिळणार नाही ही यादीही वाचावी. ती जास्त बोलकी असते. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध अंगात राहिलेली मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पिंजोरच्या पक्षिघरांपाशी पर्यटकांना सोडत नाहीत. पण तिथे वाढलेली गिधाडं 2024 मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणण्यात आली. नंदनकाननात 2009 पासून खवले मांजराचं प्रजनन केंद्र आहे. कोकणातल्या माणसालाही आयुष्यात एखाद्या वेळीच दिसणारा हा निशाचर प्राणी, मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारा, पिंजऱ्यात टिकवायला फार अवघड.

आणि त्याच नंदनकाननात गर्दी कुठे असते? पांढऱ्या वाघापाशी. कात्रजलाही मुलं आधी तोच विचारतात. खरं तर पांढरा वाघ ही वाघाची निराळी जात नाहीच. एका जनुकात फरक पडला आणि पिवळा रंग गेला, इतकंच. 1951 साली रीवाच्या जंगलात एक पांढरा बछडा पकडला गेला, त्याचं नाव मोहन. जगातले बहुतेक सगळे पांढरे वाघ या मोहनचे वंशज. रंग टिकवण्यासाठी बापलेकींची, भावंडांची जोडी लावली गेली आणि त्यापायी तिरळे डोळे नि नाना व्यंगं आली. दुर्मीळ म्हणून आपण ज्याच्यापुढे रांग लावतो ती माणसाने जोपासलेली हौस, आणि खरा दुर्मीळ प्राणी मागच्या आवारात मातीत नाक खुपसून वाळवी शोधत असतो. तिथे रांग नाही हे बरंच आहे म्हणा.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांचंही काहीसं असंच झालं. 2016 मध्ये ते दक्षिण कोरियातून आले, पुढच्या वर्षी दालन लोकांसाठी उघडलं आणि भायखळ्याला जत्रा लोटली. बर्फाचे पक्षी पाहायला म्हणून लोक आले, पण हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, थंड समुद्रप्रवाह असतो. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं गळून नवी येतात. तेवढे दिवस अंगावरचं कवच पाणी अडवत नाही, म्हणून ते पाण्याकडे फिरकत नाहीत, कडेला फुगून मलूल उभे राहतात. त्या दिवसांत काचेपाशी गेलेला माणूस हमखास म्हणतो, "आजारी दिसतायत बिचारे."

बंद असण्याची सगळीच कारणं मात्र अशी सात्त्विक नसतात, हेही कबूल करायला हवं. 'काम सुरू आहे' ही पाटी काही ठिकाणी इतकी जुनी होते की तिच्यावर वेल चढतो. राणीच्या बागेतला शेवटचा सिंह गेला आणि नंतर वर्षानुवर्षं तिथे सिंह नव्हताच. पिंजरा दुरुस्तीसाठी रिकामा आहे, जनावर म्हातारं झालं म्हणून आत ठेवलंय, पिल्लं झालीत म्हणून पडदा लावलाय, की निविदा अडकलीय, हे पाटीवर लिहायला काय हरकत आहे? चार शब्दांचं कारण दिलं तर लोक समजून घेतात. सांगलीहून मुलाला घेऊन आलेल्या माणसाची निराशा खोटी नसते. त्याने सुटी टाकलेली असते, पैसे मोडलेले असतात, आणि सहा वर्षांच्या पोराला प्रजननाचं धोरण समजावून सांगता येत नाही. "वाघ का नाही?" एवढंच ते विचारत राहतं.

काही वेळा मात्र फाटक लागतं ते आपल्यामुळे किंवा आपल्याच भल्यासाठी. 2016 च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात बर्ड फ्लूने पाणपक्षी मेले आणि फाटक लागलं, ते नव्या वर्षातच उघडलं. 2021 मध्ये हैदराबादच्या 8 आशियाई सिंहांना कोविड झाला. त्यानंतर कुंपणाशी तोंड नेऊन हाका मारणाऱ्यांकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही. आणि सुटीच्या वारी जे चालतं ते तर कोणी पाहतच नाही. खंदकातलं पाणी उपसणं, कुंपणाचा सैल खिळा ठोकणं, अस्वलाच्या नखांची तपासणी. एक भिंत हळूहळू आत सरकवून वाघाला अलगद दाबून धरणारा पिंजरा असतो. त्यात घेऊन लस टोचतात, रक्त काढतात. रखवालदार नावाने हाक मारतो, जनावर नाखुशीने येतं, कधी येतच नाही. मग चारचारदा बोलवावं लागतं. हे काम पाचशे माणसं आणि त्यांचे पॉपकॉर्न समोर असताना होण्यासारखं नाही.

तर यंदा दार्जिलिंगचं ठरत असेल तर सहल कंपनीला हॉटेल कितीतारांकित आहे हे विचाराच, पण गुरुवार कुठे टाकलाय हेही विचारा. मिरीकला टाका, कालिम्पोंगला टाका, छोट्या रेल्वेत बसून घूमपर्यंत जाऊन या. प्राणिसंग्रहालयासाठी कोणत्याही दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा आणि साडेआठला फाटक उघडतं तेव्हा तिथे असा. टायगर हिल आणि पांडा एकाच सकाळी मागू नका, दोन्ही नीट मिळत नाहीत. चढ आहे, ज्येष्ठांनी काठी घ्यावी. दहापर्यंत पांडा पाहून झाले की त्याच आवारात गिर्यारोहण संस्था आहे, तिकीट दोन्हीला मिळून एकच. तेनसिंग नोर्गेंवर 1986 मध्ये त्याच आवारात अंत्यसंस्कार झाले. तिथलं संग्रहालय निवांत बघा, बूट, दोर, जुने तंबू, सगळं जागेवर असतं. आणि अकराच्या बसने आलेली मंडळी "झोपलाय वाटतं" म्हणत परत निघालेली दिसली तर त्यांना बाकावर थोडी जागा करून द्या.