खांदेमळणी

कन्नड तालुक्यात औट्रम घाटाच्या माथ्यावर एक गाव आहे. 2022 चा पोळा एका रात्रीवर आला होता आणि आबा बैलांची खांदेमळणी करत होते. सर्ज्याच्या खांद्याला हळद-तूप चोळताना त्यांचा हात मानेवर थबकला. केसांखाली सुपारीएवढी गाठ. जरा खाली दुसरी, पोळीपाशी तिसरी. कान तापलेले, पुढ्यातली आंबोण तशीच.

"गोचीड चावला असंल," थोरला म्हणाला.

घाटाखाली, रावेरच्या अंगाला जनावरांना लम्पी झाल्याचं बाजारात कानावर आलंच होतं. आबांनी हात पुसले.

"उद्याचा दिवस जाऊ द्या, आबा. पोळा झाला की दाखवू डॉक्टरला."

"उद्या सगळ्या गावाची जनावरं तोरणाखाली मानेला मान लावून उभी राहत्याल. माशी काय एकाच बैलावर बसून राहती का?"

सर्ज्या थकलेला होता, औताला फारसा चालत नव्हता. 2015 पासून राज्यात बैल कत्तलीला विकता येत नाही. कायदा बरा की वाईट हा वाद बाजूला ठेवू, पण थकल्या बैलाला त्यामुळे गिऱ्हाईक उरलं नाही हे खरं. आणि ज्याला मोल नाही, त्याचं दुखणंही घरात लवकर कुणाच्या डोळ्यात भरत नाही. सण नसता तर आबांचा हात तरी त्याच्या मानेवरून फिरला असता की नाही, कोण जाणे.

रात्रीच आबांनी सरपंचाचं दार वाजवलं. तोरणाच्या मानावरून दोन भावक्यांत कशीबशी समजूत झालेली, वाजंत्री ठरलेली. सरपंच उखडले, "तुमचा एक बैल घरी बांधा की! त्याच्यापायी गावाचा पोळा कशाला मोडता?"

"माझाच एक हाये हे कोणी सांगितलं? मी हात फिरवला म्हणून मला घावलं."

यावर कुणाला बोलता येईना. तासाभरात गोठ्यागोठ्यांतून बॅटऱ्या हलू लागल्या. आणखी तीन दावणींत गाठी निघाल्या.

पोळा दारोदार झाला. लोकांनी आबांना नावं ठेवायची ती ठेवलीच. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले, शेळ्यांच्या देवीची लस घेऊन. लम्पीवर तेव्हा तीच देत होते. खोड्यात एकेक जनावर घालायचं, कानातला बिल्ला वाचायचा, कातडीखाली एक मिली टोचायची. ती धडधाकट जनावरालाच; आजाऱ्याला नाही. आजाऱ्याला वेगळं बांधायचं, ताप उतरवायचा, जखमा धुवायच्या, गोठ्यात कडुनिंबाचा धूर करायचा. सप्टेंबरात तर राज्यभर जनावरांचे बाजारच बंद झाले.

सर्ज्या वाचला नाही. शेताच्या कडेला खोल खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरला. बिल्ल्याचा नंबर घालून पंचनामा झाला आणि पुढे बैलामागे ठरलेले 25 हजार रुपये सरकारकडून मिळाले. "थकल्या बैलाचं सोनं झालं," पारावर कुणीतरी बोललं. आबांनी ऐकून घेतलं. जोडीतला राजा गोठ्यात धडधाकट होता. त्याला एकही गाठ आली नव्हती.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीला शेजारचा पोरगा आला. याने बिल्ला लावला नव्हता, लसीच्या दिवशी गाय रानात नेली होती. सरकारच्या वहीत कशाला नाव, असं त्याचं म्हणणं.

"आबा, गाईचे पाय सुजलेत. अंगावर गाठी दिसतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला औषधपाण्याचं कळतं म्हणून आलो. कुणाला बोलू नका."

आबांनी टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या.

"चल डॉक्टरकडं. अन् वाटंत जो भेटंल त्याला तूच सांगत चल."