दोराचं दुसरं टोक

मी वसमत तालुक्यातला. हळदीचा मुलूख, जमीन बरीचशी सपाट. त्यामुळे उंचीची भीती मला पहिल्यांदा कळली ती डोंगरावर नाही, विहिरीच्या काठावर.

आमची विहीर दहा परस, म्हणजे साठेक फूट. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की मोटर खाली सरकवावी लागायची. दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) कमरेला दोर बांधून, भिंतीत ठोकलेल्या सळयांवर पाय देत उतरायचे. मी नववीत असताना त्यांनी दोराला लिंबाच्या खोडाचा एक वेढा दिला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. हळूहळू ढील द्यायची, एवढंच काम. पण त्यासाठी खाली बघावं लागतं. मी बघितलं नाही. काठापासून मागे सरकून, डोळे मिटून, अंदाजानं ढील देत राहिलो. मधेच त्यांचा पाय सुटला. दोर सैल होता. तीन-चार फूट घसरले, कोपर सोलून निघालं.

वर आल्यावर म्हणाले, "हाताला घाम आला असंल."

मी हो म्हणालो.

पुढच्या वर्षीपासून दोर काका धरायला लागले. मला वाटलं, सुटलो.

पुण्यात नोकरीला लागल्यावर हे सगळं मागे पडलं. गेल्या हिवाळ्यात टीममधल्या पोरांनी कामशेतला पॅराग्लायडिंगचं ठरवलं. मीही नाव दिलं, कारण मोबाइलवर रोज कुणीतरी भीतीवर मात करत असतं आणि आपणच मागे राहिलोय असं वाटतं. घरी सांगितलं नाही. जबाबदारी माझी, असं लिहिलेल्या फॉर्मवर सही केली.

खरं सांगायचं तर पैसे मोजून विकत घेतलेल्या भीतीला धैर्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की, कशालाच न भिणारा माणूस शूर नसतो, वेडा असतो. आणि धैर्याला काहीतरी चांगलं कारण लागतं. दादांना कारण होतं, रान वाळत होतं. मला काय होतं? एक रील.

पण टेकडीवर वेगळंच निघालं. पॅराग्लायडरला इंजिन नसतं, सांगाडाही नसतं. नुसतं कापड आणि दोऱ्या. समोरून वारा घ्यायचा, उतारावर पळायचं. कापडाच्या पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते, ते फुगतं आणि त्याला पंखाचा आकार येतो. दोघांच्या उड्डाणात पायलट मागे, आपण पुढे, दोघं एकमेकांना अडकवलेले. पायलटनं एकच गोष्ट तीनदा सांगितली, "थांबायचं नाही, मधेच बसायचं नाही. पाय हवेत गेले तरी पळत राहायचं."

पाचव्या-सहाव्या पावलाला समोर उतार संपताना दिसला आणि मी बसलो. सरळ खाली बसलो. तो माझ्या पाठीवर आदळला, पंख एका बाजूला कोसळला. सुदैवानं आम्ही कड्यापासून लांब होतो. उठून त्यानं आधी माझे गुडघे बघितले, मग स्वतःचा खरचटलेला तळवा पुसला. रागावला नाही. "जमत नसेल तर आत्ता सांगा, काही हरकत नाही. पण पळायला लागल्यावर निम्मं पळू नका."

तोवर मी समजत होतो की, माझी भीती ही माझी खासगी बाब. फॉर्मवरही तसंच लिहिलं होतं. पण त्याच्या तळव्यावरचं रक्त त्या फॉर्ममध्ये कुठे बसत होतं? नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क होता, अगदी हार्नेस घातल्यावरसुद्धा. एकदा हो म्हणून पळायला लागल्यावर मात्र ती दहा-पंधरा पावलं माझी एकट्याची राहत नव्हती. तिथं मधेच घाबरणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर घाबरणं. भीती वाटण्यात दोष नाही, ती कुणाला विचारून येत नाही. ती लपवून दोर हातात घेण्यात आहे.

मी त्याला सांगितलं, "मला फार भीती वाटते." फॉर्म भरताना सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "मग खाली बघू नका, समोरच्या डोंगराकडे बघत पळा."

पळालो. हवेत गेल्यावर भीती निम्म्यानं उतरली, हे मला अजून कोडं आहे. काठच उरला नव्हता म्हणून असेल. खाली पवना धरणाचं पाणी चमकत होतं, म्हणे. मी फारसं बघितलं नाही.

उतरल्यावर दादांना फोन लावला.

"किती घेतले त्याचे?" हा पहिला प्रश्न. आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प. मग, "अन् तो माणूस कुठं होता?"

"माझ्या मागं. मला बांधलेला."

"लागलं का त्याला?"

"थोडं. माझ्यामुळं."

मग मी त्यांना नववीतल्या दोराचं सांगितलं. घाम नव्हता, डोळे मिटले होते, हे सांगितलं.

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "विहिरीतून वर बघितलं की काठावरच्या माणसाचं डोकं दिसतं. तुझं दिसत नव्हतं."