भूल दिलेल्याचा होकार

हैदराबादने वैद्यकशास्त्राला एक गाजलेला वाद दिला, तो क्लोरोफॉर्मचा. अफझलगंज इस्पितळातले सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा. श्वास नीट चालला तर हृदयाला धोका नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला ते पटेना. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन १८८९ साली लंडनचे डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला बोलावून घेतलं. कुत्र्यांवर, माकडांवर शेकडो प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला आणि पुढे चुकीचाही ठरला. या खटाटोपात रुग्णाच्या जिवाची काळजी खरीखुरी होती, पण त्याच्या मर्जीचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही.

त्या काळजीला आपल्याकडे कायद्याचा धाक मिळाला तो कोकणातल्या एका अपघातानंतर. मे १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. पुण्यातल्या इस्पितळात पुरेशी भूल न देताच, माणसं लावून, पाय ओढून प्लास्टर घातलं गेलं. त्याच रात्री तो गेला. वडील दौंडला डॉक्टरी करत. नेमकं काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. तो बाप शेतकरी असता तर खटला उभा राहिला असता का, याची मला शंकाच आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्यं सांगितली आणि तीन हजारांची भरपाई कायम केली. अजूनही भाषा डॉक्टरच्या कर्तव्याचीच होती, रुग्णाच्या हक्काची नव्हती.

१९९५ मध्ये पैसे मोजणारा रुग्ण कायद्याने ग्राहक ठरला. आजाऱ्याला ग्राहक म्हणणं मला खटकतं, पण त्यामुळे दाद मागायला एक सोपं दार उघडलं. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारी इस्पितळं मात्र वगळली गेली, म्हणजे सर्वांत गरीब पुन्हा बाहेरच.

ग्राहक कायद्याच्या याच दाराशी हैदराबादचा एक विद्यार्थी उभा होता. १९९० साली तो विशीतला, अभियांत्रिकी शिकणारा. ताप हटेना म्हणून निजाम्स इन्स्टिट्यूट, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘निम्स’, इथे आला. छातीत गाठ निघाली. त्याने होकार दिला तो निदानापुरत्या शस्त्रक्रियेला. टेबलावर डॉक्टरांनी गाठच काढायला घेतली. ती मणक्यापर्यंत गेलेली, आणि न्यूरोसर्जन सोबत नाही. शुद्धीवर आला तेव्हा कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १९९९ मध्ये साडेपंधरा लाख दिले. सर्वोच्च न्यायालयात त्याने व्हीलचेअरवरून स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि २००९ मध्ये एक कोटीची भरपाई मिळवली. बातमी झाली त्या कोटीची. मला त्या निकालातला होकाराचा मुद्दा मोलाचा वाटतो: एका गोष्टीला दिलेला होकार दुसरीला लागू होत नाही.

आदल्याच वर्षी दिल्लीच्या एका खटल्यात न्यायालयाने हेच बजावलं होतं. तिथे भुलेत असलेल्या प्रौढ स्त्रीचं गर्भाशय काढायला बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली होती. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. ‘पुन्हा पोट उघडायला नको’ ही सोय पुरेशी नाही. आपल्या घरांत हे पचायला जड जातं. ऑपरेशनचा निर्णय मुलगा, नवरा, काका मिळून घेतात, पेशंटला नंतर कळवतात, आणि त्यात त्यांना मायाच दिसते.

मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचा हक्क आहे. नांदेड, लातूरकडचा माणूस मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठतो. तिथे त्याच्यापुढे इंग्रजी फॉर्म येतो, नर्स तेलुगूत बोलते, वॉर्डबॉय दख्खनीत सांगतो, “इधर साइन करो.” फुलीच्या खुणेसमोर सही होते, बरेचदा मुलाची. कोणत्या ऑपरेशनला, हे त्या फॉर्मवर पेनाने नंतरही भरता येतं.