टाकलेल्यास घरात घेणारा

नील शस्टरमन यांच्या 'अनवाइंड' (२००७) या भीषण भविष्यकाळ रंगविणाऱ्या किशोर-कादंबरीत १६ वर्षांच्या कॉनरचे अवयव इतरांना देण्याच्या आदेशावर त्याचे आईबापच सही करतात. हा तापट मुलगा पळून जातो; परंतु कोणाच्या दाराशी टाकलेले तान्हे बाळ दिसताच, पकडले जाण्याचे भय असूनही, ते उचलून घेतो. टाकलेल्यालाच टाकलेल्याचे दुःख कळते.

आईबापांनी सोडलेल्याचा परमेश्वर स्वीकार करतो, असे स्तोत्र २७:१० सांगते. तेथील इब्री क्रियापद 'आसफ' यहोशवा २०:४ मध्येही आहे : नकळत मनुष्यवध करून पळालेल्यास वडिलांनी नगरात घ्यावे. मंडळीच्या दाराशी उभ्या असलेल्या उद्धट मुलाला आपण आत घेऊ काय?